आयरिश माणसांच्या मुलाखती: पाहाव्यात, ऐकाव्यात की वाचाव्यात?

माझी भाची सप्टेंबरात आयर्लंडमधल्या कॉर्कला शिकायला जाणार होती. जुलैतल्या एका रविवारी जेवताना तिनं विचारलं, "मामा, तू त्या आयरिश लोकांच्या मुलाखती सारख्या लावून बसलेला असतोस. तिकडची माणसं कशी बोलतात, डोक्यात काय चाललेलं असतं, हे कळायला मी काय बघू? एकच सांग हं, मला वेळ नाहीये."

एका शब्दात उत्तर देता आलं असतं. मी आधी टॉमी टिअर्नन म्हणालो. भाताला येईपर्यंत मत बदललं आणि गे बर्नपासून सुरुवात कर म्हणालो. रात्री फोन करून सांगितलं की त्यापेक्षा माझ्याकडचं पुस्तकच घेऊन जा. ती म्हणाली, "मामा, तू आधी ठरव आणि मग फोन कर." ते ठरवणं म्हणजे हा लेख. तिला उशीरच झाला, पण तिच्यासारखी बरीच मुलं दरवर्षी तिकडे जातात, आणि माझ्यासारखी काही माणसं न जाताच तिकडच्या नादी लागतात. त्यांच्या कामाला येईल.

आयर्लंड दोन (एक स्वतंत्र, उत्तरेकडचं ब्रिटनच्या ताब्यातलं) का आहेत, नाटककार बेकेट कोण, गायक बोनो कोण, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. माझ्या मते निवड तिघांत आहे. गे बर्नचा 'द मीनिंग ऑफ लाइफ', टॉमी टिअर्ननचा त्याच्याच नावाचा शो, आणि कवी शेमस हीनीच्या मुलाखतींचं डेनिस ओड्रिस्कॉलनं केलेलं जाडजूड पुस्तक, 'स्टेपिंग स्टोन्स'. पहिले दोन तिकडच्या सरकारी वाहिनीचे, आरटीईचे. रेडिओवरच्या दोन मुलाखतीही सांगणार आहे, पण त्या शर्यतीबाहेर. का, ते ओघात येईल.

आधी गे बर्न. तिकडे त्याला लाडानं 'गेबो' म्हणत. 1962 ते 1999 अशी सदतीस वर्षं त्यानं 'द लेट लेट शो' चालवला. घटस्फोट, संततिनियमन, धर्मगुरूंच्या भानगडी, असे घरात वडीलधाऱ्यांसमोर काढता न येणारे विषय त्याच्या कार्यक्रमात निघायचे आणि दुसऱ्या दिवशी गावभर चघळले जायचे. असा माणूस पंचाहत्तरीला टेकल्यावर 2009 मध्ये पुन्हा खुर्ची मांडतो आणि नावाजलेल्या माणसांना समोर बसवून विचारतो की देव मानता का, मेल्यावर काय होतं असं वाटतं, लहानपणी घरी काय शिकवलं होतं. प्रेक्षक नाहीत, वाद्यवृंद नाही. समोरच्याला तो मधेच तोडत नाही, आणि त्याचे प्रश्न छोटे असतात. हे दोन गुण आपल्याकडच्या किती मुलाखतकारांत सापडतील हे मी बोलत नाही.

शेवटचा प्रश्न ठरलेला. हे सगळं खरंच निघालं आणि स्वर्गाच्या दारात देव समोर उभा राहिला, तर त्याला काय म्हणाल? स्टीफन फ्रायला हाच प्रश्न विचारला गेला. फ्राय इंग्लिश, आयरिश नव्हे, पण हा भाग वगळता येत नाही. 2015 च्या फेब्रुवारीत तो दाखवला गेला. लहान पोरांना हाडांचा कॅन्सर देतोस, हा काय प्रकार आहे, अशा अर्थाचं फ्राय बोलत राहिला आणि गेबोचा चेहरा उतरत गेला. जन्मभर समोरच्यांचे चेहरे उतरवलेला माणूस! एका प्रेक्षकानं पोलिसांत तक्रार दिली, कारण 2009 च्या कायद्यानं धर्मनिंदेला 25,000 युरोपर्यंत दंड होता. 2017 मध्ये ती तक्रार बातम्यांत आली, जगभर हसं झालं आणि पोलिसांनी प्रकरण मिटवलं. 2018 च्या ऑक्टोबरात सार्वमत घेऊन घटनेतून धर्मनिंदेचा उल्लेखच काढला गेला. त्या एका उत्तरानं हे घडलं असं कुणी म्हणणार नाही. पण ते उत्तर पाहिलं की त्या देशात काय काय हलत होतं ते दिसतं.

मग अडचण काय? अडचण माझी आहे, कार्यक्रमाची नाही. मला माणसाच्या कामात रस असतो. नट भूमिका पाठ कशी करतो, लेखिका सकाळी किती वाजता बसते, खोडते किती, ठेवते किती. गेबोसमोर कुणी या वाटेला लागलं की मी कान टवकारतो आणि पुढचा प्रश्न प्रार्थनेचा येतो. गाडी कुठूनही सुटो, शेवटचं स्टेशन देवच. कार्यक्रमाच्या नावात हे स्वच्छ लिहिलेलं आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. तरी सात-आठ भाग सलग पाहिले की पुढचा प्रश्न आपल्यालाच विचारता येऊ लागतो. शिवाय निम्मा मजकूर ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळा, पहिलं कम्युनियन, कबुलीजबाबाची खोली यांत बुडालेला असतो. गोव्याकडच्या किंवा वसईच्या वाचकाला हे सहज कळेल. सदाशिव पेठेत वाढलेल्या मला थांबून थांबून शोधावं लागलं.

टॉमी टिअर्ननचा सगळा डाव उलटा आहे. हा विनोदी नट, एकपात्री कार्यक्रम करणारा. 2017 पासून त्याचा शो चालू आहे आणि त्याची अट एकच: पाहुणा कोण आहे हे यजमानाला माहीत नसतं. पाहुणा मंचावर चालत येतो तेव्हाच त्याला कळतं. कधी कळतही नाही. येणारा गायक असतो, खेळाडू असतो, पुढारी असतो, किंवा तिकडच्या लोकांनीही नाव न ऐकलेली एखादी बाई असते. टिअर्ननच्या हातात कागद नाही, पाठ केलेले प्रश्न नाहीत, 'तुमच्या नव्या पुस्तकाबद्दल सांगा' नाही.

आपल्यासारख्या परक्या माणसाला ही अट फार सोयीची पडते. गेबो आणि त्याचा पाहुणा एकमेकांना तीस वर्षं ओळखत असतात आणि अर्धं बोलणं खुणेनं चालतं. इथे यजमानही आपल्याइतकाच कोरा. 'तुम्ही करता काय?' हे त्यालाच विचारावं लागतं, आणि नावाजलेला माणूस स्वतःची ओळख पहिल्यापासून करून द्यायला लागला की तो कुठे अडखळतो, काय आधी सांगतो, काय गाळतो, ते बघण्यासारखं असतं. शिवाय टिअर्नन गप्प बसू शकतो. प्रश्न विचारून झाला, उत्तर देऊन झालं, आणि दोघं नुसते बसलेत. आपल्याकडच्या निवेदकाला तेवढ्या वेळात घाम फुटेल. टिअर्नन दाढीवरून हात फिरवत बसतो आणि मग समोरचा जे बोलतो ते बहुतेक वेळा त्या मुलाखतीतलं सर्वांत खरं असतं.

एवढं असून हा शो माझ्या यादीत खाली का घसरला, ते जरा सविस्तर सांगतो, कारण कारण क्षुल्लक आहे आणि निर्णय त्याच्यावरच झाला.

आयरिश माणूस वाक्याचा शेवट गिळतो. सगळे नाही, पण पुष्कळ. आवाज सुरुवातीला चढा असतो, मधे लय धरतो आणि शेवटच्या तीन-चार शब्दांवर असा उतरतो की जणू ते शब्द त्यानं स्वतःलाच सांगितले. गंमत अशी की वाक्यातला ऐवज नेमका तिथे असतो. आयरिश विनोद शेपटीत असतो. दुसरं म्हणजे त्यांचा आत ओढलेल्या श्वासावरचा 'हो'. आपण हुंकार देताना श्वास बाहेर सोडतो. उत्तरेकडची आणि पश्चिमेकडची काही माणसं 'येह' म्हणताना हवा आत घेतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पाहुण्याला उचकी लागली. तो होकार होता, आणि एका फार मोठ्या प्रश्नाला दिलेला होकार होता.

तर वाक्याची शेपटी खाली येते, आणि नेमक्या त्याच क्षणी टिअर्ननचे प्रेक्षक हसतात. प्रेक्षक सभ्य आहेत, उगाच टाळ्या पिटत नाहीत. पण त्यांना ती शेपटी ऐकू गेलेली असते आणि मला गेलेली नसते. मग मी दहा सेकंद मागे जातो. पुन्हा हशा. पुन्हा मागे. आवाज वाढवतो, तर हशाही वाढतो. खाली यंत्रानं आपोआप उमटवलेल्या ओळी चालू करून पाहिल्या, पण उत्तरेकडचा माणूस बोलायला लागला की त्या ओळी बिचाऱ्या वाटेल ते लिहितात. एकदा 'बॉग'चं 'डॉग' झालं. बॉग म्हणजे तिकडची ती काळी भुसभुशीत ओली जमीन, जिच्यातून चुलीसाठी विटांसारखे गठ्ठे कापून काढतात. मी बराच वेळ अशा समजुतीत होतो की या माणसाचे आजोबा उन्हाळ्यात कुत्रे खणून काढायचे, वाळवायचे आणि हिवाळ्यात जाळायचे.

चाळीस मिनिटांच्या गप्पांना मला सव्वा तास लागतो. हे मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण कुकर लावताना सुरू केलेली मुलाखत जेवणं होऊन ओटा पुसून झाला तरी संपलेली नसते. बायको एकदा म्हणाली, "तू मुलाखत बघतोयस की पाठ करतोयस?" आपल्याकडे छापील मुलाखतीत कंसात 'हशा' असं लिहितात ना, त्याचं मला लहानपणी हसू यायचं. आता कळतं, ती किती मोठी सोय आहे. हसणारे कंसात बंद, वाक्य बाहेर शाबूत.

कुणी म्हणेल, हा तुझ्या कानांचा दोष. असेल. ज्याची इंग्रजी ऐकण्याची सवय माझ्यापेक्षा चांगली आहे त्यानं हा अख्खा मुद्दा सोडून द्यावा. त्याच्यासाठी टिअर्नन कदाचित पहिल्या नंबरवर जाईल.

आता रेडिओ, कारण तिथे हशा नाही.

12 एप्रिल 2008, शनिवार. मॅरियन फिनुकनच्या सकाळच्या कार्यक्रमात तिची मैत्रीण नूआला ओफ्वेलॉन बोलली. नूआला पत्रकार, स्तंभलेखिका, आत्मकथनामुळे घराघरात पोचलेली. वय 68. काही आठवड्यांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये व्यायामाहून परत येताना पाय ओढला जातोय असं वाटलं, इस्पितळात गेली, आणि कळलं की कॅन्सर मेंदूपर्यंत पोचलाय. केमोथेरपी तिनं नाकारली. कार्यक्रमात ती रडते, चिडते, आणि सांगते की आपण मरणार हे कळलं त्याच क्षणी जगण्यातली चव गेली. जन्मभर जे वाचलं त्याची जादूही गेली. डोक्यात एवढं साठवलंय, ते सगळं माझ्याबरोबर जाणार, केवढी ही नासाडी, असं ती म्हणते. धीराची, स्वीकाराची, 'शांतपणे निरोप घेते' छापाची एक ओळ नाही. मॅरियननं स्वतःची आठ वर्षांची मुलगी ल्युकेमियानं गमावलेली होती. ती समजूत घालायला जात नाही. विचारते आणि थांबते. 9 मे रोजी नूआला गेली. त्या मुलाखतीबद्दल आयर्लंडमध्ये अजून लोक बोलतात.

तिचा आवाज मला एकदाही मागे न्यावा लागला नाही. पण ही मुलाखत 'कुठून सुरुवात करू' असं विचारणाऱ्याला द्यायची नसते. घर सोडून निघालेल्या बावीस वर्षांच्या मुलीला तर नाहीच. आणि ती एकच आहे. तिचा पुढचा भाग नाही.

दुसरी मुलाखत मराठी माणसाच्या अधिक जवळची. 18 जानेवारी 2015, हाही सुट्टीचा दिवस, रविवार. मिरियम ओकॅलहनच्या रेडिओ कार्यक्रमात तेव्हाचा आरोग्यमंत्री लिओ वराडकर आला होता. त्या दिवशी त्याला छत्तीस वर्षं पूर्ण झाली. वडील डॉक्टर, मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे. आई वॉटरफर्ड परगण्यातली, नर्स, आणि योगायोगानं तिचंही नाव मिरियम. इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या असताना त्यानं सांगितलं की मी समलिंगी आहे, हे गुपित नव्हतं पण जाहीरपणे कधी बोललो नव्हतो. मग असंही म्हणाला की मी काही अर्धा भारतीय पुढारी नाही, डॉक्टर पुढारी नाही, तसा समलिंगी पुढारीही नाही. हा माझा एक भाग आहे, एवढंच. त्याच वर्षी 22 मे रोजी समलिंगी विवाहावर सार्वमत झालं आणि 62 टक्के लोकांनी होकार दिला. 2017 मध्ये तो पंतप्रधान झाला, आणि 2019 च्या डिसेंबर अखेरीस वराडला येऊन गेला, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत फोटो आले होते. फोटो सगळ्यांनी पाहिले. ती मुलाखत ऐकलेला मला आपल्याकडे अजून कुणी भेटला नाही. ऐका. गाजावाजा न करता मोठी गोष्ट सांगण्याचा तो ढंग ऐकताना कोकणातला आहे की आयरिश आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण हीदेखील एकच घटना. रोज रात्री पाऊण तास काहीतरी हवं असतं, त्याची भूक यानं भागत नाही.

आता पुस्तक. माझा कल कुठे आहे ते तुम्ही ओळखलंच असेल, त्यामुळे तटस्थपणाचं नाटक करत नाही.

'स्टेपिंग स्टोन्स' 2008 मध्ये आलं. पाचशेच्या वर पानं, सगळी प्रश्नोत्तरं. उत्तरं देणारा शेमस हीनी, 1995 चा नोबेल विजेता. प्रश्न विचारणारा डेनिस ओड्रिस्कॉल हा स्वतः कवी, पण पोटापाण्यासाठी सरकारी कारकून. सोळाव्या वर्षी डब्लिनच्या महसूल खात्यात चिकटला आणि पुढे जन्मभर तिथेच राहिला. दिवसा कर आणि मुद्रांक, संध्याकाळी कविता. सरकारी माणसाची शिस्त या पुस्तकात पानोपानी दिसते. एकही तपशील 'बघू नंतर' म्हणून सोडलेला नाही.

आणि पद्धत ऐका. बहुतेक मुलाखत टपालानं झाली. ओड्रिस्कॉल प्रश्न लिहून पाठवायचा, हीनी सवडीनं लिहून उत्तर द्यायचा. हे असं काही वर्षं चाललं. मधे 2006 मध्ये हीनीला पक्षाघाताचा झटका आला, त्याबद्दलही पुस्तकात आहे. आत्मचरित्र त्यानं लिहिलं नाही; जे आहे ते हेच.

सुरुवातीचं एकच उदाहरण देतो. डेरी परगण्यातलं मॉसबॉन नावाचं शेतघर. बसकं, लांबट, गवतानं शाकारलेलं. भिंतीपलीकडे गोठ्यातला घोडा. वडील गुरांचा व्यापार करणारे, आपल्याकडे हेडी म्हणतात तसे. घरात नऊ भावंडं, हा थोरला. पहिली आठवण कोणती, तर पाळण्यातल्या तळाची फळी उचलून यानं पाय खाली सोडला आणि तळव्याला थंडगार सिमेंटची जमीन लागली. बस. देव नाही, वेदना नाही, प्रेक्षक हसत नाहीत. एका पोराचा पाय आणि गार जमीन. पुढे हा माणूस आयुष्यभर जमिनीबद्दल, तिच्या खाली काय काय दडलंय याबद्दल लिहीत राहिला, हे आपल्याला माहीत असतं. ओड्रिस्कॉललाही माहीत असतं. पण तो तसं म्हणत नाही. तो पुढचा प्रश्न विचारतो.

मला हवं होतं ते हे. घर कसं होतं, पाणी कुठून आणायचे, कोण कुठे झोपायचं. चार वर्षांचा धाकटा भाऊ मोटारीखाली गेला तेव्हा हा वसतिगृहात होता, तिथून घरी कसा आला. मग पहिली कविता, दुसरा संग्रह, कुठली ओळ आधी आली, कुठल्या कवितेवर कोण रागावलं. पुस्तकाची मांडणी संग्रहांच्या क्रमानं आहे, त्यामुळे आयुष्य आणि काम यांची वेगळी वाटणी करावी लागत नाही. 1981 च्या उपोषणांचा काळ येतो तेव्हा प्रश्न जड होतात. उत्तर आयर्लंडमधल्या ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणारे दहाजण तुरुंगात उपोषण करून मेले, त्यांतला दुसरा, फ्रान्सिस ह्यूज, हीनीच्याच भागातला, ओळखीच्या घरातला मुलगा. त्याचं प्रेत गावी घरात ठेवलेलं असताना हीनी ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात मेजवानीला होता, आणि झोपायला मिळालेली खोली होती थॅचरच्या मंत्रिमंडळातल्या एका मंत्र्याची. टीव्हीवर असा विषय निघाला असता तर कॅमेरा डोळ्यांवर गेला असता. इथे कॅमेरा नाही. माणूस विचार करून, शब्द तोलून, कधी स्वतःवरच अविश्वास दाखवत लिहितो, आणि आपण ते हवं तेवढ्या सावकाश वाचतो. मागे जायचं तर मान वर करायची, वरची ओळ वाचायची. दहा सेकंद नाहीत, हशा नाही.

खोटं कशाला बोलू, या पुस्तकाला दोष आहेत आणि ते लहान नाहीत. लिहून दिलेली उत्तरं ही मुलाखत म्हणायची का, हा पहिला. हीनी अडखळत नाही, कारण अडखळलेलं त्यानं खोडलेलं असणार. टिअर्ननसमोर तो आला असता तर त्या शांततेत काय बोलून गेला असता, हे आपल्याला कधीच कळणार नाही. दुसरा म्हणजे कविता आधी वाचलेल्या असाव्या लागतात. निदान पहिल्या दोन संग्रहांतल्या दहाबारा तरी, नाहीतर शंभराव्या पानानंतर दम लागतो. आणि एकाच माणसात पाचशे पानं गुंतायची तयारी हवी. टिअर्नन तेवढ्या वेळात पन्नास माणसं भेटवतो. किमतीचं म्हणाल तर मी तीन महिने थांबून जुन्या पुस्तकांत मिळवलं. मलपृष्ठावर कुणाच्या तरी चहाच्या कपाचं वर्तुळ आहे.

तरीसुद्धा. गेबोचे भाग मी पाहिले आणि विसरलो, फ्रायचा सोडून. टिअर्ननचे काही क्षण लक्षात आहेत, पण तो क्षण कुणाच्या मुलाखतीतला हे आठवत नाही. त्या पोराचा पाळण्यातून खाली सुटलेला पाय मात्र मला कुठेही आठवतो, उन्हाळ्यात दुपारी फरशीवर अनवाणी चाललो तरी. तुमचं वेगळं होऊ शकतं. गप्पांची आवड असेल, एका संध्याकाळी तीन माणसं भेटायला हवी असतील, कान तयार असेल, तर टिअर्नन बघा, पश्चात्ताप होणार नाही. घरात कुणी वयस्कर असेल आणि देवाधर्मावर वाद घालायची हौस असेल तर बर्न. सासऱ्यांबरोबर मी फ्रायचा भाग पाहिला आणि आम्ही दोघं पहिल्यांदाच एका बाजूला निघालो. पण एकटे असाल, रात्री दिवा लावून वाचायची सवय असेल आणि माणूस कामातून कळतो असं वाटत असेल, तर मी पुस्तकाच्या पारड्यात हळूच बोट ठेवीन.

ओड्रिस्कॉल 2012 च्या डिसेंबरात गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. हीनी पुढच्या ऑगस्टात. प्रश्न पाठवणारा आधी गेला.

भाचीनं पुस्तक घेतलं. विमानतळावर वजन केलं तर सामान सव्वा किलोनं जास्त. बॅग उघडली, गोडा मसाला आणि हीनी यांत एकाला राहावं लागणार होतं. ताईनं माझ्याकडे न बघता पुस्तक माझ्या हातात दिलं. मी परत घेऊन आलो. तिला म्हटलं, टिअर्नन बघ, प्रवासात फोनवर चालेल.

कॉर्कला पोचून आठ दिवस झाल्यावर तिचा निरोप आला: "मामा, घरमालकीणबाई फार चांगल्या आहेत, पण वाक्याचा शेवट गिळतात. काल काहीतरी सांगून खूप हसल्या. भाड्याबद्दल होतं बहुतेक. यांना दहा सेकंद मागे कसं न्यायचं?"